पेट्रोल की डिझेल? मोटरहोम ठरवण्याआधी

मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेताना बहुतेक जण आधी अ‍ॅव्हरेज विचारतात. आम्ही आधी विचारतो, वर्षातले किती महिने गाडी उभी राहणार? कारण डिझेल चालत्या गाडीचं इंजिन आहे. उभ्या गाडीत ते महागात पडतं.

हिशेब सोपा आहे. दोन्ही गाड्यांच्या किमतीतला फरक घ्या, त्याला दर किलोमीटरमागे इंधनात वाचणाऱ्या रकमेने भागा, आणि आलेले किलोमीटर तुमच्या वर्षाच्या धावेने भागा. उत्तर दहा वर्षांच्या पुढे गेलं तर निव्वळ बचतीसाठी डिझेल घेऊ नका. सर्व्हिसिंगही मोजा: मोठ्या डिझेल इंजिनात एका वेळी १५ ते २५ लिटर ऑइल जातं, पेट्रोलचं ६ ते ८ लिटरमध्ये भागतं.

घाटात मात्र डिझेल उजवं. कमी आरपीएमवरच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ताकद मिळते, आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा) असेल तर चाकांचे ब्रेक फारसे तापत नाहीत. चढावर पेट्रोल इंजिन ४,००० आरपीएमच्या वर जाऊन ओरडतं. तो बिघाड नव्हे, गाडी खालच्या गिअरमध्ये गेल्याची खूण आहे. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन दर हजार मीटर उंचीमागे साधारण दहा टक्के ताकद गमावतं, हेही लक्षात असू द्या.

नव्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळून तो साफ व्हायला एकसलग अर्धा तास हायवेची चाल लागते. पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत तो चोंदतो, दिवा लागतो आणि गाडी पिकअप सोडते. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही सांभाळावी लागते. ते उणे ११ अंशांला गोठतं.

गाडी लांब मुदतीसाठी उभी करताना डिझेलची टाकी भरून ठेवा. नाहीतर रिकाम्या जागेतल्या हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊन ते खाली बसतं. वॉटर सेपरेटरचा (इंधनातलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) तळचा स्क्रू सैल करून पारदर्शक बाटलीत थोडं इंधन काढा: पाणी खाली, डिझेल वर दिसेल. काळा बुळबुळीत गाळ आला तर टाकीत जंतू वाढलेत, नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. उभं राहण्याचा जाच पेट्रोललाही आहेच. तीन ते सहा महिन्यांत ते शिळं होऊ लागतं, म्हणून आधी स्टॅबिलायझर (इंधन टिकवणारं रसायन) घालून दहा मिनिटं इंजिन चालवा.

वजनाकडे फार कमी लोक बघतात. समजा गाडीवरच्या वजनाच्या प्लेटवर भरल्या गाडीचं कमाल वजन ७,५०० किलो आहे आणि रिकामी गाडी ६,७०० किलोची. उरले ८००. पाण्याची २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो, चार माणसं २८०. सामानाला ३२० राहिले. लहान गाडीत डिझेल इंजिनाचं जादा वजन यातूनच कापलं जातं. गाडी वजनकाट्यावर न्या, पुढचा-मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोला.

जनरेटर बहुधा गाडीच्याच टाकीतून इंधन ओढतो, पण टाकी पाव भागावर आली की बंद पडतो. तो बिघडलेला नसतो. परतीपुरतं इंधन उरावं म्हणून त्याची नळीच आखूड ठेवलेली असते.

जुनी गाडी बघायला जाताना इंजिन आधी चालू करू नका असं मालकाला सांगा, आणि बॉनेटखाली हात लावून ते गार असल्याची खात्री करा. डिझेलचा पांढरा धूर काही मिनिटांत निवळायला हवा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. हवेचे ब्रेक असतील तर दाब पूर्ण भरल्यावर चाकांना अडण लावा, पार्किंग ब्रेक सोडा आणि इंजिन बंद करा. ब्रेकचं पेडल न दाबता दाबाचा काटा मिनिटाला २ पीएसआयहून (हवेच्या दाबाचं माप) जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे. ती सापडून दुरुस्त होईपर्यंत बयाणा देऊ नका.