बाय

बाय : काँगो खोऱ्यातील वर्षावनात निसर्गतः तयार झालेली उघडी, पाणथळ जागा. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, काँगो प्रजासत्ताक, कॅमेरून व गॅबन या देशांतील जंगलांत अशा जागा विखुरलेल्या आहेत. काही बाय हेक्टरभरही नसतात. काँगो प्रजासत्ताकातील म्बेली बाय सुमारे १३ हेक्टर आहे, तर मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील झांगा बाय साधारण ५०० मी. लांब व २५० मी. रुंद आहे. मधून उथळ ओढा वाहतो, त्याच्या काठाने गवत व लव्हाळे, आणि त्यापलीकडे लगेच दाट झाडी.

बायचे खरे महत्त्व क्षारांत आहे. सततच्या पावसाने वर्षावनातील मातीतले क्षार धुपून जातात, त्यामुळे पाल्याफळांतून जनावरांना सोडियम फार थोडे मिळते. ते बायमध्ये मिळते. जंगली हत्ती ओढ्याच्या वाळूत पायांनी व सोंडेने खड्डा करतो, सोंड खोल घालून फुंकरीने वाळू उडवतो आणि तळाशी झिरपणारे खनिजयुक्त पाणी ओढून घेतो. चांगले खड्डे थोडे असतात. त्यांच्यावर मोठ्या नरांचा ताबा असतो, बाकीच्यांना ताटकळावे लागते. झांगा बायमध्ये एकाच दिवशी शंभरावर हत्तीही दिसू शकतात. गोरिला येतात ते मुख्यतः पाणवनस्पती खायला. शिवाय बोंगो व सितातुंगा ही हरणांसारखी जनावरे, रानम्हशी, महाकाय रानडुकरे आणि करड्या पोपटांचे थवे असतात. बाय उघडी राहते ती बऱ्याच अंशी हत्तींच्या खणण्या-तुडवण्यामुळेच; ते येईनासे झाले की कडेची झुडपे आत सरकू लागतात.

गर्द जंगलात वीस पावलांवरचा हत्ती दिसत नाही. म्हणून अभ्यासक बायच्या कडेला मचाण बांधून बसतात. अँड्रिया टर्कालो यांनी झांगा बायमध्ये १९९० पासून कानांच्या फाटलेल्या कडा, सुळ्यांचा आकार व शेपटीचे केस यांवरून हजारो हत्ती वेगवेगळे ओळखले. त्यांच्या नोंदींतून कळले, की मादी पहिल्यांदा वितेपर्यंत सरासरी २३ वर्षांची होते आणि दोन पिल्लांत ५-६ वर्षांचे अंतर असते. सवानातील, म्हणजे उघड्या गवताळ प्रदेशातील, हत्तीपेक्षा हा वेग फारच मंद आहे. त्यामुळे शिकारीने झालेली घट भरून यायला दशके लागतात. म्बेली बायमध्ये १९९५ पासून गोरिलांचा असाच अभ्यास चालू आहे. मात्र बायवरच्या मोजणीवरून जंगलातील एकूण संख्या काढू नये. शिकारीचा धाक असला, की हत्ती रात्रीच येतात आणि दिवसाचा आकडा फसवा ठरतो. एकूण अंदाजासाठी आखलेल्या रेषांवरून चालत लिदीचे ढीग मोजतात. तिथेही लीद किती दिवसांत कुजते हे त्या त्या ठिकाणी व ऋतूत तपासावे लागते. दुसरीकडचा दर वापरला तर हिशेब चुकतो.

जनावरे जिथे हमखास येतात तिथे शिकारीही येतो, ही बायची मोठी अडचण. मे २०१३ मध्ये, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात सत्तापालट होऊन अंदाधुंदी माजली असताना, सशस्त्र टोळीने झांगा बायमध्ये २६ हत्ती मारले. गोळ्या निरीक्षणाच्या मचाणावरूनच झाडल्या गेल्या. त्याआधीच्या वर्षी, २०१२ मध्ये, झांगा-न्दोकी, नुआबाले-न्दोकी व लोबेके या तीन देशांतील लागून असलेल्या उद्यानांना ‘सांघा त्रिराष्ट्रीय’ या नावाने जागतिक वारसा दर्जा मिळाला होता. दर्जाने बंदुका थांबत नाहीत. नुसती बाय राखूनही भागत नाही, कारण हत्ती दूरवरून पायवाटांनी तिथे पोहोचतात, आणि लाकूडतोडीचे रस्ते या वाटा तोडतात. त्याच रस्त्यांनी तारेचे फास लावणारे व रानमांसाचे व्यापारी आत शिरतात. तोड संपल्यावर पूल काढून, खंदक खणून रस्ता बंद करणे हा सर्वांत साधा उपाय, पण तो बऱ्याचदा टाळला जातो.

अलीकडे झाडांवर ध्वनिमुद्रक बांधतात. हत्तींचे कमी वारंवारतेचे हुंकार आणि बंदुकीचे आवाज, दोन्ही त्यांत नोंदले जातात. ते सहसा काही महिन्यांनी उतरवले जातात. त्यामुळे शिकारी हाती लागत नाही. मात्र गोळीबार कुठल्या भागात, कोणत्या वेळी होतो हे कळते आणि गस्त त्यानुसार आखता येते.