जुन्या पॅकेज-आवृत्त्यांची छाटणी

पॅकेज मॅनेजर म्हणजे संगणकावर सॉफ्टवेअर उतरवून घेणारा, बसवणारा आणि अद्ययावत ठेवणारा प्रोग्राम. तो रेंगाळू लागला की जुन्या आवृत्त्या काढून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. जुनी आवृत्ती नेमकी कुठली काढली, यावर सगळे अवलंबून असते.

उतरवलेल्या फायलींचा साठा पुसणे हा सर्वात लोकप्रिय आणि सर्वात निरुपयोगी उपाय. आर्च लिनक्स या संगणक प्रणालीच्या पॅकमन या पॅकेज मॅनेजरसाठी असलेले पॅककॅश हे साधन वेगळे सांगितले नाही तर प्रत्येक पॅकेजच्या शेवटच्या ३ आवृत्त्या ठेवून बाकीच्या उडवते. डिस्कवर जागा होते, पण वेग वाढत नाही. काय बसवायचे हे ठरवताना पॅकमन या साठ्याकडे पाहतच नाही. कोकणात तर ही सफाई अंगाशी येते. मिरगाच्या पावसात वीज गेली, टॉवर बंद पडला, की देवगड-राजापूरकडे इंटरनेट कधी परतेल याचा नेम नसतो. तेव्हा प्रयोगशाळेतल्या दहा संगणकांवर तेच पॅकेज चढवायचे तर आधीचा साठाच कामी येतो. एपीटी-कॅशर-एनजी हा प्रोग्राम एका यंत्रावरचा असा साठा बाकीच्यांना पुरवतो. आगोटीपूर्वी सुकी मासळी नि आमसुले भरून ठेवणाऱ्या घरांना याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

बसवलेल्या जुन्या कर्नलांची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांची, गोष्ट निराळी. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर पॅकेजे बसवणारा डीपीकेजी हा प्रोग्राम काम सुरू करताना बसवलेल्या सर्व पॅकेजांच्या फायलींच्या याद्या वाचतो. प्रत्येक कर्नलच्या हेडर फायली (ड्रायव्हर वगैरे घडवताना लागणाऱ्या) हजारोंनी असतात. त्या हटवल्या की जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर ही पायरी लवकर उरकते. एसएसडीवर फरक जाणवेलच असे नाही.

खरा वेळ जातो तो भांडाराच्या, म्हणजे जिथून पॅकेजे उतरवली जातात त्या ऑनलाइन साठ्याच्या, यादीत. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती कुणाशी जुळते हे ठरवणे ही एनपी-पूर्ण, म्हणजे जिच्यावर नेहमी झटपट चालणारी रीत माहीत नाही अशी, समस्या आहे. पर्याय वाढले की सर्वात वाईट परिस्थितीत शोध हाताबाहेर जातो. म्हणून २०१९ मध्ये कोंडा या पॅकेज मॅनेजरच्या ४.७ आवृत्तीने मुख्यतः ताज्या आवृत्त्यांची छोटी यादी आधी तपासायला सुरुवात केली. तीत उत्तर मिळाले नाही तरच पूर्ण यादी उघडायची. ही छाटणी खरोखर उपयोगी, आणि तीत एकही फाइल पुसली जात नाही. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या कार्गो या पॅकेज मॅनेजरने तर छाटणीच टाळली: १.७० आवृत्तीपासून (२०२३) तो संपूर्ण सूची उतरवण्याऐवजी लागेल त्याच पॅकेजची नोंद मागवतो.

भांडारातूनच जुने पॅकेज काढणे धोक्याचे. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरून लेफ्ट-पॅड हे जेमतेम ११ ओळींचे पॅकेज हटवले गेले आणि त्यावर विसंबलेले असंख्य प्रकल्प अडले. रस्टच्या भांडारात त्यामुळेच ‘यँक’ची सोय महत्त्वाची ठरते: मागे घेतलेली आवृत्ती नव्या निवडीत येत नाही, पण ज्यांच्या लॉक फाइलमध्ये (प्रकल्पात वापरलेल्या नेमक्या आवृत्त्यांच्या नोंदीत) ती आधीच नोंदली आहे त्यांना मिळत राहते.