कौल नेमका कोणाचा?

गोव्यात फोंड्याकडच्या देवळांत सोयरीक, घर, वाटणी असं काही अडलं की कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, भटजींनी गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पंखा तेवढा बंद ठेवायचा.

ईश्वरी इच्छा आणि माणसाची मर्जी हा वाद इथे जुनाच. काणकोणातल्या मठाची मध्वाचार्यांची द्वैतपरंपरा एकट्या देवाला स्वतंत्र मानते. जीवाकडे असतं ते ‘दत्तस्वातंत्र्य’, देवानेच दिलेलं. साष्टीत १६१६ साली मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण छापून आलं, त्याच्या थोडं आधी (१५९७ ते १६०७) रोममध्ये दोन धर्मसंघ (त्यातला एक ख्रिस्तपुराण लिहिणाऱ्या स्टीफन्सचा, जेझुइटांचा) देवाची कृपा आणि माणसाची इच्छा यांवरून भांडत होते. निकाल न देताच तो वाद थांबवला गेला.

खरा गुंता शब्दाचा आहे. ‘कौल’ मूळचा अरबी. अर्थ बोल, वचन. मराठेशाहीत उजाड गावात रयत परत यावी म्हणून सरकार कौल देई, म्हणजे अभयाचा कागद. देवळात काय, दरबारात काय, देणारा वरचा आणि घेणारा खालचा. १६ जानेवारी १९६७ ला हे उलटलं. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावं की केंद्रशासित राहावं यावर मतदान झालं, त्याला मराठीत ‘जनमत कौल’च म्हणतात. आता देणारी रयत आणि घेणारी दिल्ली. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, पानांना १,७२,१९१. फुलासाठी गावभर पायपीट केलेले आमचे आजोबा त्या संध्याकाळी ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे झाले!

घटक राज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. ते राज्य आलं ३० मे १९८७ ला. हे कमी बोललं जातं, पण माझ्या मते महत्त्वाचं तेच. देवळातही ‘हे स्थळ करू का?’ला डावी पडली की मंडळी मंडपात बसून खल करतात आणि ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी करू का?’ असं नवं गाऱ्हाणं भटजींच्या कानात घालतात. पुन्हा डावीच पडली, तर कौल मागायला गावच्या वेशीवर राखणदार देव आहेच.