आतला ब्लिट्झ आणि बाहेरच्या धावा

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणारा संघ मधल्या भागातून जादा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर) सोडतो, तेव्हा मधला रस्ता टाळून आक्रमक फळीच्या टोकाला वळसा घालत चेंडू पुढे नेण्याचा डावपेच म्हणजे आतल्या ब्लिट्झविरुद्धची बाहेरची धाव. आक्रमक फळीत सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल असे पाच जण असतात. सेंटर व गार्ड यांच्यामधल्या फटीला ‘ए गॅप’ आणि गार्ड व टॅकल यांच्यामधल्या फटीला ‘बी गॅप’ म्हणतात. एरवी चार-पाच यार्ड मागे उभे राहून चेंडूचा रोख पाहणारे लाइनबॅकर स्नॅप (सेंटरने चेंडू मागे देऊन डाव सुरू करणे) होताच या फटींतून मुसंडी मारतात, तो आतला ब्लिट्झ होय.

ब्लिट्झचा हेतू फेक करण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला गाठणे हा असतो आणि त्यासाठी बचावाला मागच्या फळीतले खेळाडू खर्ची घालावे लागतात. बाहेरची धाव नेमकी इथे फायद्याची ठरते, कारण टोकाकडे जाणाऱ्या धावपटूला बहुधा आतून तिरके धावत येणारे लाइनबॅकरच अडवतात. ते एकदा फटीत शिरले की त्यांचा वेग सरळ पुढच्या दिशेचा असतो आणि आजूबाजूला इतकी गर्दी असते की चेंडू कडेला गेला हे दिसले तरी वळून त्याला गाठणे अवघड जाते. शिवाय असा ब्लिट्झ करताना अनेकदा कॉर्नरबॅकना (कडेच्या बचावपटूंना) एकेका रिसीव्हरच्या (फेकलेला चेंडू झेलणाऱ्याच्या) मागे लावलेले असते. रिसीव्हर मैदानात खोलवर पळू लागला की त्याच्यावर नजर ठेवून पाठलाग करणाऱ्या कॉर्नरबॅकची पाठ धावपटूकडे होते, आणि एकही धक्का न देता तो खेळाडू वाटेतून दूर होतो.

तरीही बाहेरची कोणतीही धाव आतल्या ब्लिट्झवर चालते, हा समज चुकीचा आहे. कसोटी लागते ती गार्डच्या जागेवर. स्वीप या जुन्या डावात एक किंवा दोन्ही गार्ड आपली जागा सोडून धावपटूच्या पुढे कडेकडे धावतात, आणि त्यांनी सोडलेली फट म्हणजे ब्लिट्झ करणाऱ्याला उघडे दारच असते. व्हिन्स लोम्बार्डी १९५९ ते १९६७ या काळात ग्रीन बे पॅकर्सचे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या गाजलेल्या स्वीपमध्ये जेरी क्रेमर व फझी थर्स्टन हे गार्ड बाहेर पडत आणि चेंडू बहुधा पॉल हॉर्नंगकडे असे. प्रेक्षकांना दिसत ते हे तिघे. पण डाव टिकत असे तो गार्डने मोकळ्या केलेल्या जागेतून घुसणाऱ्याला थोपवणाऱ्या सेंटरवर आणि टॅकलच्या बाजूला पहिला घुसखोर रोखणाऱ्या फुलबॅक (क्वार्टरबॅकच्या मागे उभा राहणारा धावपटू) जिम टेलरवर. या दोघांपैकी एक जरी चुकला, तरी धावपटू स्क्रीमेज रेषेच्या (डाव जिथून सुरू होतो त्या रेषेच्या) मागेच पकडला जाई.

म्हणून ब्लिट्झची शंका असताना झटपट टॉस अधिक सुरक्षित मानला जातो. यात क्वार्टरबॅक स्नॅप मिळताच चेंडू बाजूला धावणाऱ्या रनिंग बॅककडे उडवतो, त्यामुळे ब्लिट्झ करणारे मध्यभागी पोहोचेपर्यंत चेंडू तिथे राहिलेलाच नसतो. टॅकल आणि टाइट एंड (टॅकलच्या बाहेर उभा राहणारा खेळाडू) आपल्या आतल्या बाजूच्या खेळाडूला तिरक्या धक्क्याने आत दाबतात. तो खेळाडू आधीच आत झेपावत असल्याने त्याचाच जोर त्यांच्या कामी येतो. फळीतून बाहेर पडायचे असलेच, तर ज्याच्यासमोर कोणी उभा नाही अशाच खेळाडूने पडायचे, असा संकेत आहे.

आउटसाइड झोन या पद्धतीत कोणीच जागा सोडून दूर पळत नाही. पाचही जण एकाच दिशेने एकत्र सरकतात आणि जो आड येईल त्याला त्याच्याच ओघात पुढे नेतात. डेन्व्हर ब्रॉन्कोजमध्ये मुख्य प्रशिक्षक माइक शॅनहन व फळीचे प्रशिक्षक ॲलेक्स गिब्स यांनी ही पद्धत रुजवली आणि १९९८ च्या हंगामात धावपटू टेरेल डेव्हिसने धावून एकूण २,००८ यार्ड मिळवले. धावेच्या विरुद्ध बाजूच्या ए गॅपमधून येणारा ब्लिट्झ मात्र या पद्धतीलाही जड जातो, कारण त्या बाजूचा गार्ड सरकल्यावर मागून येणाऱ्याला अडवायला कोणी उरेलच असे नाही.

मैदानाची मापेही या हिशेबात येतात. मैदान १६० फूट रुंद असते आणि प्रत्येक डाव दोन हॅश मार्कांच्या (मैदानावर आखलेल्या छोट्या खुणांच्या) रांगांवर किंवा त्यांच्या दरम्यान सुरू होतो. या रांगांमधले अंतर एनएफएलमध्ये (अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेत) १८ फूट ६ इंच, तर महाविद्यालयीन खेळात ४० फूट आहे. त्यामुळे चेंडू एका हॅशवर असेल, तर महाविद्यालयीन संघाला रुंद बाजूला १०० फूट जागा मिळते आणि एनएफएल संघाला सुमारे ८९ फूट. टॉस आणि ऑप्शन हे डाव महाविद्यालयांत अधिक फोफावले, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण असावे. नेब्रास्का विद्यापीठात टॉम ऑस्बोर्न यांच्या संघांनी खेळलेल्या ऑप्शनमध्ये कडेच्या एका बचावपटूला मुद्दाम मोकळे सोडले जाई आणि तो क्वार्टरबॅककडे वळताच चेंडू बाहेर धावणाऱ्या सोबत्याकडे उडवला जाई.

बचावही याला उत्तर शोधतो. २०१४ ते २०२१ या काळात मिनेसोटा व्हायकिंग्जचे मुख्य प्रशिक्षक असलेले माइक झिमर दोन लाइनबॅकर सेंटरच्या दोन्ही बाजूंच्या ए गॅपमध्ये आणून उभे करत, आणि स्नॅपनंतर त्यांतले कोण येणार व कोण मागे सरकणार हे प्रतिस्पर्ध्याला आधी कळत नसे. अशा हुलकावणीमुळे फेक करणारा गोंधळतो हे खरे; पण रेषेला चिकटून उभा राहिलेला लाइनबॅकर ब्लिट्झला आला नाही, तरी कडेकडे धावण्यासाठी लागणारा कोन त्याने गमावलेलाच असतो. बचावाचे अधिक धोकादायक उत्तर म्हणजे आत गर्दी दाखवून प्रत्यक्षात कॉर्नरबॅक किंवा सेफ्टीला (सर्वांत मागच्या बचावपटूला) कडेने सोडणे. टॉस नेमका त्याच बाजूला गेला, तर चार-पाच यार्डांचे नुकसान सहज होते. म्हणूनच क्वार्टरबॅक रेषेवर उभा राहून डाव बदलतो, तेव्हा तो मधल्या लाइनबॅकरइतकेच लक्ष सेफ्टीच्या जागेकडेही देतो.

कडेचा सेफ्टी किंवा लाइनबॅकर बाहेरून आत येणाऱ्या रिसीव्हरने अडवायचा, ही टॉसची नेहमीची जोड आहे. मात्र २०१९ पासून एनएफएलने स्वतःच्या गोलरेषेच्या दिशेने किंवा तिला समांतर जात हेल्मेट, कोपरापुढचा हात वा खांद्याने जोरदार धक्का देण्यावर बंदी घातली. त्यामुळे रिसीव्हरला आता तळहातांचा वापर करून किंवा वाटेत उभे राहूनच काम भागवावे लागते. दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्या प्रयत्नात आठ-दहा यार्ड हवे असताना बाहेरची धाव क्वचितच निवडली जाते. तिथे ब्लिट्झवर स्क्रीन पास (अडवणाऱ्या सोबत्यांच्या आडून दिलेली छोटी फेक) अधिक चालतो. दोन-तीन यार्डांची गरज असताना, किंवा पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात बचाव आततायी होऊ लागल्यावर, बाहेरच्या धावेचा उपयोग सर्वाधिक होतो.