काळा स्प्रूस, वणवा आणि उत्तरेचे बदलते जंगल

२००४ च्या उन्हाळ्यात अलास्कात सुमारे ६६ लाख एकर रान जळाले. तिथल्या नोंदींत याहून मोठे वर्ष नाही. जळालेल्या रानात काळा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचा वाटा मोठा होता, आणि हे झाड तर हजारो वर्षे जळून पुन्हा त्याच जागी उगवत आले आहे. पण या वेळी बऱ्याच जागांवर राखेतून स्प्रूसऐवजी बर्च आणि ॲस्पेनची दाट रोपे वर आली. सूचिपर्णी रानाच्या जागी पानझडी रान उभे राहू लागले.

मागचा इतिहास तळ्यांच्या गाळात साठलेला आहे. हिवाळ्यात तळे गोठले की बर्फाला भोक पाडून तळाशी नळी घालतात आणि गाळाचा उभा नमुना वर काढतात. त्याचे अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून पातळ काप करून ते चाळणीतून धुतात, आणि उरलेले कोळशाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजतात. मोठे कण वाऱ्याने फार लांब जात नाहीत, त्यामुळे एखाद्या कापात ते अचानक वाढलेले दिसले की तळ्याच्या आसपास वणवा लागला होता असे समजते. कोणती झाडे होती ते परागकण सांगतात. फसगतही इथेच होते. ॲस्पेन आणि पॉप्लरचे परागकण पातळ कवचाचे असतात, गाळात टिकत नाहीत, म्हणून नोंदीत ही झाडे होती त्यापेक्षा कमी दिसतात. काळ्या आणि पांढऱ्या स्प्रूसचे परागकण तर इतके सारखे असतात की बारीक मापे घेतल्याशिवाय वेगळे काढता येत नाहीत.

शेवटच्या हिमयुगातही अलास्काचा मध्यभाग हिमनद्यांखाली गेला नव्हता. तिथे गवत आणि खुरटी झुडपे होती. हवा उबदार होत गेली तशी आधी झुडपी बर्च, मग पॉप्लर आणि सुमारे नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी पांढरा स्प्रूस आला. पॉप्लरच्या काळात हवा उबदार आणि कोरडी होती, तरी उत्तर अलास्कातल्या ब्रूक्स पर्वतरांगेजवळच्या तळ्यांमध्ये त्या थरांत कोळसा कमीच सापडतो. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी काळा स्प्रूस पसरला. तेव्हा हवा थंड आणि दमट होत चालली होती. वणवे कमी व्हायला हवे होते, पण ते वाढले, आणि साधारण दीडशे वर्षांनी एकदा असा त्यांचा फेरा बसला. उन्हाळा किती कोरडा आहे याइतकेच रानात कोणते झाड उभे आहे यावर वणवा ठरतो, हे या गाळाने दाखवले. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा धडा हाच आहे.

काळा स्प्रूस जळण्यासाठीच घडवल्यासारखा आहे. खालच्या वाळलेल्या फांद्या तो टाकून देत नाही, त्या जमिनीपर्यंत लोंबत राहतात. त्यांवर दगडफुलाच्या जातीच्या दाढ्या वाढतात, आणि दोन कोरड्या दिवसांत त्या कागदासारख्या होतात. खाली शेवाळाची गादी असते, वीस-तीस सेंटिमीटर जाड. ठिणगी शेवाळात पडते, फांद्यांच्या शिडीने शेंड्यापर्यंत चढते आणि झाड मरते. बी मात्र वाचते, कारण शंकू अगदी टोकाला, राळेने चिकटून, घट्ट झुबक्यात असतात. आगीची झळ लागून ते उघडतात आणि पुढची काही वर्षे बी थोडे थोडे खाली पडत राहते. (जॅक पाइन आणखी हट्टी. त्याचे शंकू सुमारे ५० अंश सेल्सियसची उष्णता लागेपर्यंत बंदच राहतात.)

बी पडते ते जळून उरलेल्या गादीवर. त्या गादीच्या जाडीवर पुढच्या शंभर वर्षांचे रान ठरते. दहा सेंटिमीटरहून जास्त थर उरला तर तो वरून पटकन सुकतो. बर्च आणि ॲस्पेनचे बी इतके हलके की त्याच्या कोवळ्या मुळाला खालच्या ओलीपर्यंत पोहोचायला ताकद पुरत नाही. स्प्रूसचे बी त्या मानाने जड, शिवाय तिथेच भरपूर सांडलेले, म्हणून जागा त्याच्याकडे राहते. गादी पुन्हा वाढते, जमिनीला पांघरूण घालते, खालचा कायमचा गोठलेला थर गोठलेलाच राहतो, ओल टिकते, आणि पुढचा वणवाही वरवरच जाळून जातो. हे कुलूप हजारो वर्षे टिकले. पण आग खोल गेली आणि दोन-तीन सेंटिमीटरच थर उरला किंवा माती उघडी पडली, की वाऱ्यावर आलेले बर्च-ॲस्पेनचे बी रुजते. त्यांची रोपे स्प्रूसपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात.

आग किती खोल गेली हे जळालेले झाडच सांगते. शेवाळ खोडाभोवती वर चढत जाते तसा काळा स्प्रूस खोडातूनच नवी मुळे काढत राहतो. वणव्यानंतर ही मुळे काळ्या खुंट्यांसारखी खोडावर उघडी राहतात. सगळ्यात वरच्या खुंटीपासून उरलेल्या थरापर्यंत पट्टीने मोजायचे. वरचे मूळही आधीच्या पृष्ठभागाच्या तीनेक सेंटिमीटर खालीच असते, तेवढे मिळवायचे. ते विसरले तर जळालेली खोली कमी भरते.

कुलूप मोडते ते दोन तऱ्हांनी. पहिली म्हणजे उशिराची आग. जूनमध्ये गादीखाली अजून बर्फ असतो, थर ओला असतो. ऑगस्टपर्यंत तो वितळून पाणी निचरलेले असते, आणि कोरड्या वर्षी आग थेट मातीपर्यंत पोहोचते. दुसरी म्हणजे लवकर परतलेली आग. काळ्या स्प्रूसला पुरेसे बी धरायला निदान तीस वर्षे लागतात, भरघोस बियांना पन्नासहून अधिक. पंधरा-वीस वर्षांत पुन्हा वणवा आला तर झाडही गेले आणि बीही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर अमेरिकेतल्या दीड हजारांवर जळालेल्या जागांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. पूर्वी काळा स्प्रूस वरचढ असलेल्या जागांपैकी सुमारे ३८ टक्के जागांवर आगीनंतर त्याचा वरचष्मा गेला होता. ही मोजणी २०२३ च्या आधीची. त्या वर्षी कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळाले, आधीच्या विक्रमाच्या जवळपास दुप्पट.

हे झाले उत्तर अमेरिकेचे. युरोप आणि सायबेरियात मात्र स्कॉट्स पाइन आणि लार्च ही झाडे जास्त. तिथली आग बहुधा जमिनीलगत सरकते, जाड सालीची मोठी झाडे वाचतात.

पानझडी रान म्हटले की आपल्याला उन्हाळ्यात पेटणारा सह्याद्री आठवतो, पण उत्तरेत गणित उलटे आहे. आपल्याकडे झाडे कोरड्या दिवसांत पाने टाकतात आणि तीच वणव्याचे खाद्य होतात. अलास्कात पाने शरद ऋतूत गळतात, बर्फाखाली दबून जातात, आणि वणव्याच्या मोसमात बर्च-ॲस्पेन ओल्या हिरव्या पानांनी भरलेले असतात. आग तिथे मंदावते, पुष्कळदा थांबतेही. म्हणजे बदललेले रान पुढचे वणवे काही प्रमाणात आवरू शकते. हे पॉप्लरच्या काळासारखेच झाले, पण वसंतात पालवी फुटण्याआधीच्या आठवड्यांत आणि अति कोरड्या वर्षी या आडोशावर भरवसा ठेवता येत नाही.

कार्बनचा हिशेबही सरळ नाही. खोल आगीत शेकडो वर्षांचा साठा हवेत जातो. उलट बर्च-ॲस्पेनची खोडे वेगाने भरतात, आणि अलास्कातल्या मोजणीनुसार शंभर वर्षांच्या फेऱ्यात असे रान काळ्या स्प्रूसच्या रानापेक्षा कितीतरी जास्त कार्बन साठवू शकते. मात्र शेवाळाचे पांघरूण गेल्यावर गोठलेली जमीन वितळली तर तिथला जुना कार्बन सुटतो, आणि ती भरपाई झाडांकडून होईलच असे नाही. जनावरांचेही तसेच. मूस या मोठ्या हरणाला कोवळा ॲस्पेन आणि विलो मिळतो, कॅरिबूला (उत्तरेकडचे रेनडिअर) लागणारे जमिनीवरचे दगडफूल परत यायला पन्नास वर्षे आणि त्याहून अधिक लागतात. कॅरिबूवर जगत आलेल्या ग्विचिनसारख्या आदिवासी लोकांसाठी हा फरक थेट अन्नाचा आहे.

अलास्कात १९८० च्या दशकापासून जमिनीचे चार वर्ग करून कुठली आग लगेच विझवायची आणि कुठली नजरेखाली जळू द्यायची हे आधीच ठरवले जाते. वस्तीपासून दूरची रानं बहुतेक शेवटच्या, म्हणजे जळू देण्याच्या, वर्गात होती, आणि काळा स्प्रूस परत येणारच या भरवशावर ते योग्यही होते. २०२३ मध्ये युकॉन फ्लॅट्स अभयारण्यातली सुमारे १६ लाख एकर जमीन त्या वर्गातून काढून वरच्या वर्गात घेतली गेली. कारण दिले गेले ते जमिनीखालचा बर्फ आणि त्यात अडकलेला कार्बन वाचवण्याचे.