सरकारदरबारी पडून राहिलेली रक्कम (मुंबई)

एखाद्या व्यक्तीला किंवा तिच्या वारसांना मिळायला हवी, पण कुणी मागायला न आल्यामुळे राज्य शासन, महापालिका, त्यांची मंडळे व उपक्रम किंवा न्यायालये यांच्या खात्यात राहिलेली रक्कम. न उचललेला पगार, भरलेली अनामत, जादा भरलेल्या शुल्काचा परतावा, मंजूर होऊनही न नेलेली नुकसानभरपाई ही तिची नेहमीची रूपे. बोलण्यात तिला सरसकट ‘बेवारस पैसा’ म्हणतात, पण तो शब्द बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. वारस असतो, त्याला या पैशाचा पत्ता नसतो.

खऱ्या अर्थाने बेवारस मालमत्तेची वाट कायद्याने वेगळी आखली आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 29 प्रमाणे एकही वारस नसेल तर मालमत्ता शासनाकडे जाते. संविधानाच्या अनुच्छेद 296 नुसार अशी मालमत्ता ज्या राज्यात असेल त्या राज्याची होते. याला ‘सरकारजमा होणे’ म्हणतात. पडून राहिलेल्या रकमेचे तसे नसते. ती आधी कुणाच्या तरी नावावर जमा असते आणि ठरावीक मुदत उलटल्यावर तिचे खाते बदलते. कुठे खाते बदलूनही हक्क टिकतो, तर कुठे हक्कच संपतो. ही मुदत प्रत्येक निधीची वेगळी आहे, आणि सामान्य माणसाची फसगत इथेच होते.

अमेरिकेत न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत अशा रकमांचा सांभाळ करणारे एक राज्यस्तरीय कार्यालय असते. तिथे स्थायिक झालेला मराठी माणूस घरबसल्या आपले नाव टाकून शोध घेऊ शकतो. महाराष्ट्रात राज्य शासन आणि महापालिका यांच्याकडच्या सगळ्या रकमांची अशी एकत्र यादी नाही. ज्या कार्यालयात पैसा भरला, त्याच कार्यालयाच्या वहीत तो सापडतो. म्हणून मुंबईत शोधाची सुरुवात ‘माझ्या नावावर काही आहे का’ या प्रश्नाने करून भागत नाही. ‘आमच्या घरातल्या कुणी, कधी, कुठल्या खिडकीवर पैसे भरले होते’ हे आधी आठवावे लागते.

कामगारांचा न उचललेला पगार

मुंबईच्या दृष्टीने या विषयाचा सर्वात जिव्हाळ्याचा भाग गिरणगावाशी जोडलेला आहे. मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियम, 1953 ने कारखाने व आस्थापनांकडे साठलेल्या ‘न दिलेल्या संचित रकमा’ कामगार कल्याणाच्या निधीत भरण्याची सोय केली. कामगाराला देय झाल्यापासून तीन वर्षांत न दिलेला पगार, बोनस, ग्रॅच्युइटी यांचा त्यात समावेश होतो. मालकाने भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे कामगारांच्या भाषेत ‘फंडात’, भरलेली वर्गणी मात्र त्यात धरत नाहीत.

या तरतुदीला बॉम्बे डाईंग कंपनीने आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मुदत संपल्याने देणे वसूल करण्याचा मार्ग बंद होतो, देणे मात्र नाहीसे होत नाही, हे तत्त्व त्या निकालात ठामपणे आले. पैसे खऱ्या मालकासाठी जपून ठेवण्याची, त्याला शोधण्याची कोणतीही व्यवस्था मूळ कायद्यात नव्हती. शासन ते थेट निधीत वळवत होते. न्यायालयाने तेवढा भाग घटनाबाह्य ठरवला. या विषयावर लिहिताना हा निकाल मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. विसरलेला पगारही कामगाराचाच, हे त्याने मान्य केले.

पुढे 1961 च्या दुरुस्तीने शोध घेण्याची रीत कायद्यात आली. रक्कम कामगार कल्याण मंडळाकडे आली की कारखान्याच्या सूचनाफलकावर आणि त्या भागात समजणाऱ्या भाषेतील दोन वृत्तपत्रांत नोटीस द्यायची. ती पुढची तीन वर्षे दर जून आणि डिसेंबरमध्ये पुन्हा प्रसिद्ध करायची. पहिल्या नोटिशीपासून चार वर्षांच्या आत दावा आला तर वेतनाच्या दाव्यांवर निर्णय देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे तो पाठवायचा. दावा आला नाही किंवा फेटाळला गेला, तर रक्कम राज्याची होऊन कल्याण निधीत कायमची मिसळते. हे काम महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे आहे. त्याचे मुख्य कार्यालय सेनापती बापट मार्गावरील हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडा भवनात आहे.

कागदावर ही रीत चांगली आहे, पण 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव पांगले. माणसे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडे परतली. ज्या फाटकावर नोटीस लावायची ते फाटकच पुढे अनेक ठिकाणी उरले नाही, आणि मुंबईच्या पेपरातली चार ओळींची नोटीस गावच्या घरात कोण वाचणार? बदली कामगारांची, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तेव्हा त्याच्या जागी घेतल्या जाणाऱ्यांची, अडचण त्याहून मोठी. त्यांची हजेरी तुटक, कधी गिरणीच्या या विभागात तर कधी त्या. अशा घरांमध्ये जुनी पत्र्याची ट्रंक उघडून पगाराची पावती, बदली पास, फंडाची स्लिप शोधणे हाच खरा आरंभ. गिरणीत माणूस नावापेक्षा तिकीट नंबराने ओळखला जाई. तो नंबर हाती असेल तर अर्धे काम झाले असे समजावे.

तिजोरीतील ठेवी

राज्य शासनाच्या कार्यालयांत भरलेल्या अनामती कोषागारात ‘ठेव’ म्हणून राहतात. तीन पूर्ण लेखावर्षे कुणी मागणी केली नाही, तर मार्चअखेर ती ठेव व्यपगत, म्हणजे मुदतबाह्य, होऊन महसुलात जमा होते. ‘व्यपगत’ हा शब्द वाचून लोक आशा सोडतात, आणि तीच चूक. व्यपगत ठेवीचा परतावा मागता येतो. फक्त ज्या कार्यालयात पैसे भरले त्याच्यामार्फत प्रस्ताव पुढे जावा लागतो आणि महालेखाकार कार्यालयाची मंजुरी लागते. इतर जिल्ह्यांत जिल्हा कोषागार जे काम पाहते, ते मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अधिदान व लेखा कार्यालय पाहते. अर्जदाराकडे चलनाची, म्हणजे पैसे भरल्याच्या सरकारी पावतीची, प्रत असेल तर वाट सरळ असते. ती नसेल तर चलन क्रमांक, तारीख आणि रक्कम यांतले जेवढे तपशील मिळतील तेवढे द्यावेत.

मुद्रांक शुल्काचे घड्याळ मात्र फार वेगाने चालते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, 1958 खाली न वापरलेल्या मुद्रांकाचा परतावा खरेदीपासून सहा महिन्यांच्या आत मागावा लागतो. घराचा व्यवहार नोंदणीआधीच फिसकटला की घेणारा बिल्डरकडे भरलेल्या हप्त्यांच्या मागे धावतो. मुद्रांकाचे पैसे शासनाकडे आहेत आणि त्यांची मुदत चालू आहे, हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत सहा महिने उलटलेले असतात.

महापालिका आणि बेस्ट

मुंबई महापालिकेकडे कंत्राटदारांची बयाणा व सुरक्षा ठेव, बांधकामाच्या वेळी भरलेली राडारोड्याची अनामत, सभागृह किंवा नाट्यगृहाच्या आरक्षणाची अनामत अशा रकमा असतात. ज्या वॉर्ड ऑफिसमध्ये किंवा विभागात त्या भरल्या, तिथे मूळ पावती दाखवून त्या परत मागायच्या असतात. पावती हरवली असेल तर इंडेम्निटी बाँड, म्हणजे पुढे नुकसान झाल्यास ते भरून देण्याचे हमीपत्र, करून द्यावा लागतो. सहकारी सोसायटीत दुरुस्तीच्या वेळी अनामत भरणारी कार्यकारिणी बदलते, नव्या कार्यकारिणीला त्याची माहितीच नसते, आणि सगळ्या सभासदांचे पैसे वर्षानुवर्षे अडकून राहतात. जुन्या ताळेबंदात ‘येणे ठेवी’ या सदराखाली नजर टाकली तरी पुष्कळदा ते सापडतात.

कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंत वीज पुरवणारा बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम. जोडणी घेताना भरलेली सुरक्षा अनामत, जोडणी बंद केल्यावर थकबाकी वजा जाता परत मिळते. चाळीतली खोली सोडताना भाड्याचा, पागडीचा हिशोब चोख होतो, मीटरची अनामत मात्र कुणाला आठवत नाही. वडिलांच्या नावचे मीटर असेल तर त्यांच्या पश्चात ते नाव आधी बदलून घ्यावे.

न्यायालयांतील रकमा

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आणि कामगार न्यायालये यांच्याकडे जमा होऊनही न उचललेल्या भरपाईची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. एप्रिल 2025 मध्ये त्याने निर्देश दिले की अर्जदाराचा पत्ता, ओळखपत्रे, बँक खाते यांचा तपशील सुरुवातीलाच घ्यावा आणि रक्कम थेट खात्यात जाईल अशी व्यवस्था करावी. ज्या घरातला कमावता माणूस अपघातात गेला, त्या घराने वकिलाचा फोन लागत नाही म्हणून हक्क सोडू नये. दाव्याचा क्रमांक घेऊन न्यायाधिकरणाच्या कार्यालयात स्वतः चौकशी करता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 खाली महिला आणि औद्योगिक कामगार मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहेत. महिलेसाठी उत्पन्नाची अट नाही.

नाव आणि वारसा

दावे अडतात ते बहुधा नावावर. जुन्या नोंदीत नुसते ‘बाबू रामा’, आधार कार्डावर आडनावासह पूर्ण नाव. लग्नाआधी भरलेल्या पावतीवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे. अशा वेळी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रात प्रसिद्ध झालेला नावबदल जोडावा लागतो. खातेदार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसा सिद्ध करणारे कागद लागतात. मोठ्या रकमेसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितले जाते. नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणजे मालक, असा समज घराघरांत आहे. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले की नामनिर्देशनाने वारसांचा हक्क संपत नाही. भावंडांनी हे आधीच समजून घेतले तर पुष्कळ भांडणे टळतील.

बँकेतील ठेवींशी गल्लत

‘उद्गम’ हे रिझर्व्ह बँकेचे पोर्टल ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झाले. त्यावर बँकांतील दावा न केलेल्या ठेवी शोधता येतात, शासनाकडच्या किंवा महापालिकेकडच्या अनामती नव्हेत. दहा वर्षे व्यवहार नसलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत भरतात, तरी ठेवीदाराने किंवा वारसाने दावा मात्र आपल्या बँकेच्या शाखेतच करायचा असतो. सात वर्षे न घेतलेला लाभांश केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो, त्याचाही मार्ग वेगळा.

माहिती मिळवण्याचा मार्ग

कार्यालय दाद देत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 उपयोगी पडतो. महाराष्ट्रात दहा रुपयांच्या शुल्कासह, एकाच विषयावर, 150 शब्दांच्या आत अर्ज करायचा. त्याला तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. ‘माझे पैसे का दिले नाहीत’ असे विचारण्याऐवजी ‘अमुक तारखेच्या अमुक पावतीची रक्कम सध्या कोणत्या लेखाशीर्षात (सरकारी हिशोबातील सदरात) आहे आणि माझा अर्ज कोणाकडे प्रलंबित आहे’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला माहिती अधिकारी बगल देऊ शकतो, दुसऱ्याला त्याला वही उघडावी लागते.

शोधून देतो म्हणून आधी पैसे मागणारे, ओटीपी विचारणारे फोन हल्ली वारंवार येतात. अशा कुणालाही मूळ पावती किंवा बँकेचा तपशील देऊ नये. दावा आपल्या हातानेच दाखल करावा, आणि टपाल शाखेतून आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.