पायथनचा ‘वॉलरस’: वाद आला कुठून?

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवणारे ग्विडो व्हॅन रॉसम १२ जुलै २०१८ रोजी तिच्या नेतृत्वावरून बाजूला झाले. निमित्त होतं ‘:=’ हे, अटीच्या आतच एखाद्या नावाला किंमत देणारं, नवं चिन्ह. आडवं पाहिलं तर वॉलरस या समुद्री प्राण्याचे डोळे आणि सुळे दिसतात, म्हणून त्याचं नाव ‘वॉलरस’. एवढ्याशा चिन्हावरून इतकं रान का पेटलं, हे कळायला दहा वर्षं मागे जावं लागतं.

डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आली. जुन्या चुका एकदाच्या निस्तरू, त्यात जुने प्रोग्रॅम मोडले तरी चालतील, असं ठरवूनच ती आणली होती. सगळ्यांच्या डोळ्यांत भरले ते ‘प्रिंट’ या मजकूर दाखवायच्या आज्ञेला लागलेले कंस, पण खरा बदल मजकूर हाताळण्यात होता. पायथन २ मध्ये साध्या अवतरणचिन्हांत ‘मराठी’ लिहून लांबी विचारली, की यूटीएफ-८ (मजकूर साठवायची एक प्रचलित पद्धत) फाइलमध्ये उत्तर यायचं १५. ती अक्षरं मोजतच नव्हती, बाइट (साठवणुकीचं छोटं एकक, इथे प्रत्येक खुणेला तीन) मोजत होती. त्यातले पहिले चार कापून घेतले तर ‘म’ शाबूत राहायचा आणि ‘र’चा नुसता तुकडा हाती यायचा. पायथन ३ सांगते ५: म, र, काना, ठ, वेलांटी. आपल्याला अक्षरं तीनच दिसतात, म्हणजे हेही पुरतं बरोबर नाही. तरीही मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी हा बदल व्हायलाच हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

किंमत मात्र जबर पडली. वर्षानुवर्षं लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) दोन्ही पायथनवर चालवाव्या लागल्या. पायथन २ च्या शेवटच्या आवृत्तीची, २.७ ची, देखभाल २०१५ ला थांबणार होती, ती २०२० पर्यंत लांबवावी लागली.

पायथन ३ सारखं वॉलरसने जुनं काहीच मोडत नव्हतं. फाइल तुकड्यातुकड्याने वाचताना तीच ओळ लूपच्या (पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आधी एकदा आणि आत पुन्हा एकदा लिहावी लागे. या चिन्हामुळे ती एकदाच लिहून भागतं. आक्षेप वेगळा होता. सी भाषेत अटीमध्ये तुलनेच्या ‘==’ ऐवजी चुकून किंमत देणारं ‘=’ पडलं तर तुलना न होता किंमतच बदलते. हा घोळ नको म्हणून पायथनने अटीच्या आत किंमत देणं पहिल्यापासून बंद ठेवलं होतं. चिन्ह वेगळं असल्याने ती चूक आता होणार नव्हती, पण एक काम करायच्या दोन रीती झाल्या. ‘उघड रीत शक्यतो एकच असावी’ हे पायथनचं सूत्र लिहिणारे टिम पीटर्स स्वतः या प्रस्तावाच्या तीन लेखकांपैकी एक होते.

प्रस्ताव मंजूर झाला, ग्विडो थकून बाजूला झाले. २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ कारभार पाहू लागलं आणि ऑक्टोबरमध्ये ३.८ सोबत वॉलरस आला.

दरम्यान २०१८ च्या ३.७ ने ‘असिंक’ हा शब्द राखीव केला होता आणि तेच नाव वापरणारे प्रोग्रॅम अडले होते. २०२१ मध्ये ३.१० ने ‘मॅच’ हा नवा शब्द आणला, तेव्हा तो ठरावीक जागीच राखीव ठेवला. ‘मॅच’ नावाचं व्हेरिएबल (किंमत ठेवायची जागा) असलेला जुना कोड तसाच चालत राहिला.